कुंडीतला नवरदेव

"थांबा काका, त्या कुंडीवर औषध नका मारू," श्रेयामॅडम म्हणाल्या.

साहेबरावांनी फवाऱ्याची नळी खाली केली. सिडकोतल्या त्यांच्या बाल्कनीत जास्वंदीच्या पानावर तांदळाएवढा कोळी होता, लाल-निळा, नवरदेवासारखा नटलेला. समोर तपकिरी मादी, त्याच्याहून दांडगी. साहेबरावांचा जन्म किडे मारण्यात गेला, पण असला रंगेल गडी त्यांनी पाहिला नव्हता.

कोळ्यानं पुढचे पाय वर केले, अंग थरथरवलं, जरा डावीकडं सरकला, जरा उजवीकडं.

"काय करायलाय ह्यो?"

"मनवतोय तिला. नाही पटलं तर खाऊनही टाकते ती."

"खाती? मंग कशाला जातो मरायला?"

"दुसऱ्याला पाठवून कसं चालेल?" मॅडम हसत आत गेल्या.

साहेबरावांना हसू आलं नाही. त्यांची बायको सरिता दिवाळीपासून फुलंब्रीला माहेरी होती. तिला आणायला त्यांनी धाकट्या भावाला, कडुबाला, दोनदा धाडलं. दोन्ही वेळा तो चहा पिऊन हात हलवत परत आला. ती गेली त्याचं कारणही तेच होतं. सासरे वारले तेव्हा दहाव्यालाही साहेबरावांनी कडुबालाच पाठवलं होतं. साहेबराव वाईट नव्हते; चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मागं सरायचे. पण बाप गेलेल्या बाईला त्याचं काय?

मादी अंगावर झेपावली. कोळी उडी मारून मागं गेला, पानाच्या टोकाशी थांबला आणि पुन्हा पाय वर करून निघाला.

ती कुंडी सोडून साहेबरावांनी बाल्कनी फवारली. खाली येऊन मोटारसायकल घराकडं न वळवता फुलंब्रीच्या रस्त्याला घातली.

ओसरीवर सरिता तूर निवडत बसली होती. मेहुणे होते, शेजारचे दोघं-तिघं होते. साहेबराव दारातच उभे राहिले. घाम फुटला होता.

"कडुबा भावजी नाय आले?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाय. मीच आलो." ते एक पाऊल पुढं आले. "आबांच्या दहाव्याला मी यायला पायजे होतं. चुकलं माझं."

सरितानं सूप बाजूला ठेवलं, उठून बादलीतून तांब्या भरला.

"औषधाचा वास यायलाय तुमच्या अंगाला," ती म्हणाली. "हात धुवा. मंग आत या, आबांचा फोटो हाय."

साहेबरावांनी कोपरापर्यंत हात धुतले. ती पाणी घालत होती.