दसऱ्याची सेटिंग

गिरधरबाबांनी पेपर मिलमध्ये तीस वर्षं मशीन सांभाळली आणि रिटायर झाल्यावर रिकामं बसवेना म्हणून घरातला कॉम्प्युटर सांभाळायला घेतला. हिंदी मुलखातल्या लालबागच्या त्या दोन खोल्यांत त्याची बडदास्त जावयासारखी होती. गेल्या दसऱ्याला त्याची हळदकुंकू लावून पूजा झाली, आणि सुरतेहून आलेल्या हर्षलनं, त्यांच्या मुलानं, सगळ्या सेटिंगचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन दिला. तेव्हापासून दर रविवारी बाबा अंघोळ करून तो बॅकअप चढवत आणि कॉम्प्युटर दसऱ्यावर परत नेत.

त्यात त्यांची सून तृप्ती भरडली जात होती. क्लार्कच्या जागेसाठी हिंदी टायपिंगची परीक्षा होती. ती पास झाली तरच या खोल्यांबाहेर पाय पडणार होता. आठवडाभर ती सराव करी आणि रविवारी तिचा हिंदी कीबोर्ड, तिचे धडे, सगळं धुऊन जाई. सोमवारी पुन्हा पहिला धडा. सिंधीपुऱ्यातल्या टायपिंग क्लासचं नाव काढलं, की बाबा म्हणत, "घरात मशीन असताना बाहेर कशाला?" सरळ नाही म्हणणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

परीक्षेला अकरा दिवस उरले. शनिवारी बाबा केस कापायला गेले तशी तिनं डिस्क जोडली, जुना बॅकअप पुसला आणि आपल्या धड्यांसकट नवा घेतला. मनातून ती खूश होती. आता बाबा कितीही मागं गेले तरी शनिवारीच पोचणार होते.

रविवारी बाबांनी बॅकअपची तारीख वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे दसऱ्याचं नाही."

"पुसलं मी. माझे धडे दर वेळी जातात, बाबा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरची वायर काढली आणि गुंडाळायला घेतली.

"सेटिंग बदलली, आता पूजेशिवाय चालवायची नाही. मिलमध्ये साहेबांच्या घाईनं तशीच चालवली, तर माझ्या जोडीच्या कडूची दोन बोटं गेली."

"मग आजच करू पूजा."

"मशीनची पूजा दसऱ्यालाच राहते, सूनबाई."

"दसऱ्याला सात महिने आहेत."

"मग आरामात शिक ना. मी कुठं मना केलं? घरात कसली घाई है?"

वायर कपाटात गेली. तृप्तीनं विचारलं, "मग क्लासला जाऊ?"

बाबांनी कुलूप लावलं आणि खरंच नवल वाटून तिच्याकडे पाहिलं.

"घरात मशीन असताना?"