घाटातली बायको

पोपटला बायको नव्हती, पण घाट लागला की ती हटकून गाडीत येऊन बसायची.

पोपट हे त्याला कंपनीतल्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं नाव. शहरातल्या हॉटेलांतून पाहुणे उचलायचे, दिवसभरात डोंगर दाखवायचे आणि दिवेलागणीला परत आणून सोडायचे, हा त्याचा धंदा. हातानं गाडी चालवायची आणि तोंडही चालवायचं. डोंगराचं काय, ढग उतरले की तो गडप होतो आणि गिऱ्हाईक तोंड पाडून बसतं. बायको मात्र कुठल्याही हवेत चालते. ‘आमची मंडळी’ अशी वेंधळी, ‘आमची मंडळी’ तशी भित्री, असं सुरू केलं की मागे खसखस पिकायची. उतरताना सगळे म्हणायचे, गाइड फार घरगुती हो. शिवाय सड्याफटिंग माणसाच्या गाडीत लेकीबाळींना बसवायला लोक जरा कचरतात, तेही एक होतंच.

त्या दिवशी अख्खी गाडी एकट्यासाठी ठरवलेले एक काका होते. मांडीवर स्वेटरची घडी आणि बोलणं अगदी मोजकं. असं गिऱ्हाईक म्हणजे गाइडला शिक्षाच. म्हणून बोगदा येताच पोपटनं हुकमाचं पान काढलं.

“काका, आमच्या मंडळींची गंमत ऐका. बोगद्यात शिरलं की ती डोळे गच्च मिटते आणि मोठ्यानं पाढे म्हणते! बे एके बे, बे दुणे चार... एवढी घोडी झाली, पण उजेड दिसेपर्यंत थांबायचं नाव नाही. मीपण मुद्दाम गाडी हळू करतो!”

या जागी आजवर लोक पोट धरून हसले होते. कधी कधी तर अख्खी गाडी एका सुरात पाढे म्हणायची. काका हसले नाहीत.

“हळू का करता?”

“गंमत हो, दुसरं काय!”

“अस्सं,” काका म्हणाले आणि बोगद्याच्या भिंतीकडे बघत बसले.

वर पोचले तर डोंगर औषधालाही नव्हता. सगळीकडे पांढरंफटक धुकं. काका कठड्याशी जाऊन त्या धुक्याकडेच बघत उभे राहिले. तेवढ्यात पोपटला त्याच्या मैत्रिणीचा फोन आला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्याशी लग्न करायचं पोपटच्या मनात पक्कं होतं, तिच्याही होतं. अडलं होतं ते तिच्या वडलांपाशी. मुलाला आधी बघतो, मग बोलतो, असं ते म्हणाले होते.

“अरे, घात झाला! बाबा आज तुझ्याच गाडीत आहेत. तुला न सांगता बघायचं होतं त्यांना. आई आत्ता बोलली. काही वेडंवाकडं नाही ना बोललास?”

पोपटच्या पायाखालची जमीन सरकली. “नाही गं. हवापाण्याचंच.”

आता इकडे आड, तिकडे विहीर. बायको आहे म्हणावं तर लग्न मोडलं, नाही म्हणावं तर थापाड्या ठरलो. उतरताना त्यानं मनाशी ठरवलं, खरं सांगून टाकू. धंद्यातली बडबड आहे, शहाणा माणूस हसून सोडून देईल.

बोगद्याच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. रस्ता अरुंद, पोपटच्या बाजूला कडा, इतका जवळ की दार उघडायची सोय नाही. दुसऱ्या बाजूला धुक्यानं भरलेली दरी. बघता बघता मागेही गाड्या येऊन चिकटल्या. पोपटनं इंजिन बंद केलं.

“काका, मला बायको नाही.”

“माहीत आहे. असती तर मी कशाला आलो असतो?”

पोपटच्या जिवात जीव आला. “अहो, लोकांना हसवायला बोलतो. सगळं मनानं रचलेलं.”

“पाढेसुद्धा?”

पोपट उगाच समोरची काच पुसू लागला.

“ती पाच वर्षांची होती,” काका म्हणाले. “लिफ्ट मधेच अडकली, वीज गेली. आत आम्ही दोघंच. रडून रडून तिचा श्वास कोंडायला लागला. मला गाणं येत नाही, गोष्टी येत नाहीत. म्हणून पाढे म्हणायला लावले, माणसं येईपर्यंत. बंद जागेची भीती अजून गेलेली नाही तिची. हे तिनं घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलेलं दिसतंय.”

लिफ्ट टाळून ती त्याच्याबरोबर जिन्यानं चढली होती, तो दिवस पोपटला आठवला. सांगताना ती आधी स्वतःच हसली होती आणि मग त्याच्याकडे न बघता बोलत राहिली होती. तेव्हा त्याला तिच्याबद्दल पोटातून माया वाटली होती. आणि दुसऱ्याच फेरीत त्यानं ते गाडीत सांगितलं होतं.

“थाप मारलीस, ती मी सोडून दिली,” काका म्हणाले. “पोटासाठी माणूस बोलतो. पण ती बायको खोटी नव्हती रे. ती माझी मुलगी होती.”

पोपटला वाटलं, दार उघडावं आणि सुटावं. त्यानं हात घातलाही. दार चार बोटं उघडलं आणि कड्याला टेकलं. कधी नव्हे ते त्याला स्वतःचीच किळस आली.

“तिला सांगू नका.”

“मी नाही सांगणार. तू सांग.”

फोन पुन्हा वाजला आणि तिचा आवाज गाडीच्या स्पीकरवर आला. “काय रे? बाबा काय म्हणाले?”

आरशात काकांची नजर दिसली.

“तुझे ते पाढे... मी गाडीत लोकांना सांगतो. बायकोची गंमत म्हणून.”

पलीकडून दुकानातले आवाज येत होते. कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

“हसतात लोक?”

“हो.”

“आणि तू?”

खोटं जिभेवर तयार होतं. ते त्यानं गिळलं. “मीपण.”

“बरं,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा आवाज होता. “बाबांना गारठा सोसत नाही, काच वर कर. आणि त्यांना खालीच सोड. तू घरी येऊ नकोस. आजच नाही, कधीच.”

फोन बंद झाला. पोपटनं काचेकडे बघितलं, ती वरच होती. रांग तसूभरही हलली नव्हती.

“किती वेळ लागेल?” काकांनी विचारलं.

“सांगता येत नाही,” पोपट म्हणाला.