बोरगावचा पनामा

भगवंतरावांची संत्र्याची अडत पांढुर्ण्यात, स्टेशनच्या रस्त्याला. जीव मात्र त्या वर्षी बोरगावात अडकला होता. सौंसरजवळच्या या गावी त्यांनी जमीन घेतली, पावसाळ्यात संत्र्याची कलमं लावली आणि त्यानंतर विहीर खणली. आधी पाणी आणि मग झाड, हा क्रम शेतकऱ्याचा. अडत्याला आधी सौदा आणि मागून माल, अशी सवय. विहिरीला काळा दगड लागला. दिवाळीपर्यंत तळाशी इतकंच पाणी उरलं की वाकून पाहणाऱ्याला आपलं तोंड तेवढं दिसावं.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडे देवकाबाईचा बगीचा होता. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच तो सांभाळत होत्या आणि त्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यातही मोट बुडेल एवढं पाणी असायचं. भगवंतरावांनी एकदा सरळ मागून पाहिलं. बाई म्हणाल्या, पाणी माझ्या झाडांपुरतं आहे, दोन बगीचे त्यावर लावले तर दोन्ही वाळतील. बोलणं तिथंच संपलं. कलमं उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाहीत, हे मात्र भगवंतरावांना आता झोपेतही दिसू लागलं.

अशा वेळी त्यांना श्रीधर गुरुजींनी अमेरिका शिकवली.

गुरुजी शाळेत इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी अडतीवर येऊन फुकट पेपर वाचायचे. फुकटाची लाज वाटू नये म्हणून मोठ्यानं वाचायचे आणि समजावूनही सांगायचे. ते छप्पन साल होतं. पेपरात सुवेझचा कालवा भरून वाहत होता. इजिप्तनं कालवा आपला म्हटला म्हणून इंग्रज तिकडे विमानं घेऊन गेले होते, आणि अमेरिका त्यांना मागे फिरा म्हणत होती. भगवंतरावांना अमेरिकेचा चांगुलपणा खटकला. एवढा मोठा आसामी फुकटात चांगला कसा?

गुरुजींना तेवढंच हवं होतं. त्यांनी पन्नास-साठ वर्षं मागं जाऊन सुरुवात केली. इंग्रज जिथं गेले तिथं झेंडा लावून बसले आणि मग तिथल्या कचेऱ्या आणि तुरुंग सांभाळता सांभाळता म्हातारे झाले. अमेरिकेनं ती कटकट टाळली. क्युबा नावाचं बेट स्पेनच्या ताब्यातून सुटायला धडपडत होतं. अमेरिका म्हणाली, आम्ही सोडवतो. सोडवलं. मग म्हणाली, आता तुमची राखण करतो. क्युबाच्या घटनेत कलमच घालून घेतलं की बेटावर संकट आहे असं वाटलं तर फौज आत येईल.

"कोणाले वाटलं तर?" भगवंतरावांनी विचारलं.

"अमेरिकेला."

भगवंतरावांनी ते पुन्हा म्हणवून घेतलं. मग गुरुजी पनामावर आले. कोलंबिया नावाचा देश कालव्याला जागा देईना. तेव्हा त्याच देशाचा एक तुकडा फुटून निघाला, किनाऱ्यावर अमेरिकेची जहाजं उभीच होती, आणि नव्या देशाच्या बारशाचा गूळ वाटून व्हायच्या आत कालव्याची पट्टी अमेरिकेला मिळाली, तीही कायमची. गुरुजी हे संतापानं सांगत होते. भगवंतराव शिकवणीला बसल्यासारखे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या मोटारीनं बोरगावला गेले आणि देवकाबाईच्या ओसरीवर बसून फार काळजीनं म्हणाले की लोधीखेड्याकडून लालतोंडी माकडं येत आहेत. बाईंना काळतोंडी वांदरं माहीत होती, त्यांच्याशी रोजचंच वैर होतं. लालतोंडं माकड त्या शिवारात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"दिसून नाही राहिले, तेच तं भेवाची गोष्ट हाय, वहिनी," भगवंतराव म्हणाले. "मी राखणदार ठेवतो. पगार माझा."

बाईंनी थोडा वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाल्या, ठेवा. इतक्या लवकर क्युबासुद्धा तयार झाला नसेल, असं भगवंतरावांना वाटलं.

राखणदार म्हणून त्यांनी सावरगावचा कवडू आणला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे दगडफेकीची लढत, होते, तेव्हा कवडू सावरगावच्या काठावर असायचा. त्याचा नेम पांढुर्णेकरांना ऐकून नव्हे, अनुभवानं ठाऊक होता. खुद्द भगवंतरावांच्या भुवईवर त्याची एक जुनी खूण होती. असा माणूस आपल्या बाजूला असणं केव्हाही चांगलं. बगीच्यात शिरेल त्याला गोफणीनं हाणायचं, एवढंच त्यांनी त्याला बजावलं.

प्रश्न राहिला जेवणाचा. संत्र्याच्या मुलखात एक रिवाज आहे. राखणदाराला पगार कोण देतो हे कुणी विचारत नाही. तो कोणाच्या चुलीवरची भाकर खातो, ते पाहतात. ज्याची भाकर, त्याचा तो माणूस. भगवंतरावांना हे पक्कं माहीत होतं. झाडावरचा बहार विकत घेतला की त्यांच्या पहिल्या बैलबंडीत पीठ आणि स्वयंपाकी जायचा, टोपल्या मागून. पण इथं गोष्ट वेगळी होती. पांढुर्ण्याहून रोज डबा पाठवायचा म्हणजे मोटारवाल्याची मनधरणी आली. शिवाय जिची राखण करायची तिनंच राखणदाराला पोसावं, यात त्यांना एक उंची दिसली. इंग्रजांना जमलं नाही ते आपल्याला बसल्याबसल्या सुचलं, या आनंदात त्यांनी बाईंना सांगून टाकलं की कवडूच्या भाकरीचं तेवढं तुम्ही पाहा.

"पाहीन न," देवकाबाई म्हणाल्या.

निघताना भगवंतरावांनी चार लोकांसमोर आपलं कलम घालून घेतलं. वहिनींच्या बगीच्यावर संकट आहे असं मला वाटलं, तर मी येऊन पाहून घेईन.

"अन् मले वाटलं तं?" बाईंनी विचारलं.

भगवंतराव हसले. बायकांच्या बोलण्यावर हसण्याचं त्यांचं एक वेगळं हसू होतं, तेच हसले.

त्याच सुमारास नकाशावर नव्या रेघा पडल्या. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले, आणि ज्यांची कागदपत्रं काल नागपूरला जात होती ते आज भोपाळ कुठल्या दिशेला आहे ते विचारू लागले. गुरुजी आठवडाभर जेवले नाहीत, म्हणजे घरी तसं म्हणाले. भगवंतरावांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. एवढ्या लोकांमधून रेघ ओढताना कुणी कुणाला विचारलं नाही, तर एका बगीच्यातून पाट ओढायला काय हरकत आहे?

आधी मदत गेली. त्यांनी नागपूरहून जुनं तेलाचं इंजिन आणलं आणि देवकाबाईच्या विहिरीवर बसवलं. मोट ओढून तुमचे बैल थकले वहिनी, असं म्हणाले. शाळेत वाटायला अमेरिकेच्या दुधाच्या भुकटीचे डबे यायचे, त्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र असायचं. तेच इंजिनाच्या टिनाच्या खोक्यावर काढून घ्यावं असं भगवंतरावांच्या मनात आलं. सौंसरच्या पेंटरनं ते मन लावून काढलं, पण त्याला कुस्त्यांचे फलक रंगवायची सवय. एक हात दुसऱ्याचं मनगट पिरगाळतो आहे असं ते दिसू लागलं. भगवंतरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग पाट. विहिरीपासून धुऱ्यापर्यंत, बाईंच्या झाडांच्या मधून, दगड लावून पक्का बांधलेला. बाईंनी एकच मागणं केलं. जातोच आहे तर माझ्या ओळींना लागून जाऊ द्या, जमीन ओली राहील. मोठ्या राष्ट्राला असा लहानसहान दिलदारपणा शोभतो, म्हणून भगवंतरावांनी पाटाला वाकणं दिली. खर्च वाढला. त्यांनी डोळे मिटून तो इतिहासात टाकला.

होळीच्या आधी पाणी सोडायचा समारंभ झाला. गुरुजी प्रमुख पाहुणे होते. त्यांच्या गळ्यात हार घातला, खुर्ची धुऱ्याच्या अलीकडे भगवंतरावांच्या पिवळ्या पडलेल्या कलमांत ठेवली आणि सगळे पाण्याची वाट पाहू लागले. पलीकडे इंजिन खोकलं, मग चालू लागलं. गुरुजींचं स्वातंत्र्यावरचं भाषण संपलं. इंजिन चालूच होतं. पाटाचं टोक कोरडंच राहिलं.

भगवंतराव पाटाच्या काठानं विहिरीच्या दिशेनं चालत गेले. तिसऱ्या वाकणापाशी कवडू फावडं घेऊन उभा होता. त्यानं पाटाच्या तोंडाशी माती लावली होती आणि सगळं पाणी देवकाबाईच्या झाडांत वळवलं होतं.

"पाणी तिकडं काहून वळवून राहिला?"

"बाईनं सांगतलं जी."

"पगार कोन देते तुले?"

"तुम्ही देता, मालक."

"मंग?"

कवडूनं मान खाली घातली. माणूस भला होता, मालकाला दुखवायचं त्याच्या जिवावर आलं. "भाकर बाईची खातो न जी," तो म्हणाला.

भगवंतरावांना त्या क्षणी न पाठवलेले सगळे डबे दिसले असावेत. पण रागावलेला माणूस रिवाजापाशी थांबत नाही. त्यांनी फावडं हिसकलं आणि माती फोडायला पाट ओलांडून बाईंच्या ओळीत पाय ठेवला. कवडू चार पावलं मागं सरला आणि त्यानं गोफण फिरवली. दगड टोपीच्या वरून गेला आणि मागं इंजिनाच्या खोक्यावर, त्या गुंफलेल्या हातांच्या बरोबर मध्ये, ठण्णकन वाजला. भगवंतरावांचा हात आपोआप भुवईवर गेला.

"बगीच्यात शिरन त्याले हाणाचं, असं तुम्हीच सांगतलं होतं, मालक," कवडू अजिजीनं म्हणाला.

देवकाबाई समारंभाच्या मांडवाखालून उठून आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. इंजिन तुमचं, पाट तुमचा, कुणी नाही म्हणत नाही, असं त्या म्हणाल्या. उचलून न्यायचं तर आजच न्या. फक्त जमीन माझी आहे आणि पाणीही माझं आहे.

भगवंतरावांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी हार घातलेल्या अवस्थेत धुऱ्यापर्यंत आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इंग्रजांना मागं फिरावं लागलेला सुवेझ स्पष्ट वाचता येत होता. पाट उचलून नेता येत नाही. इंजिन नेलं तर कलमं पंधरवड्यात काडीसारखी होतील. सौदे करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते लवकर कळतं.

"वहिनी, काही तरी तोड काढा," ते म्हणाले.

तोड बाईंकडे तयार होती. इंजिन इथंच राहील, तेल भगवंतराव देतील. आधी माझ्या झाडांना, उरलं की तुमच्या कलमांना. कलमं लहान आहेत, त्यांना उरलेलं पुरतं. भगवंतरावांनी मान हलवली. बोलणं संपलं असं वाटून ते निघाले, तेव्हा बाई म्हणाल्या,

"अन् एक गोष्ट, भाऊजी. तुमच्या कलमायवर संकट हाय, असं मले वाटून राहिलं."

"कायचं संकट?"

"लालतोंड्या माकडायचं."

"तुम्ही पाह्यले का?"

"दिसून नाही राहिले," देवकाबाई म्हणाल्या, "तेच तं भेवाची गोष्ट हाय. कवडूले तुमच्याकडं बी फेरी माराले सांगतो."

भगवंतरावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गेलेला डाव परत येत होता, आणि या वेळी ते चुकणार नव्हते. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की कवडू माझ्या बगीच्यात येणार असेल तर त्याच्या भाकरीचं मी पाहतो, पांढुर्ण्याहून रोज डबा पाठवतो, सोबत ठेचा, सणाला पुरणपोळी.

"नाही न भाऊजी," बाई मायेनं म्हणाल्या, "तुम्हाले काहून तरास. भाकर इथूनच जाईन."

तेव्हापासून रोज दुपारी देवकाबाईच्या घरून फडक्यात बांधलेली भाकर पाटाच्या काठाकाठानं धुरा ओलांडून जायची. कवडू भगवंतरावांच्या बगीच्यात निंबाखाली बसून ती जेवायचा आणि गोफण उशाशी घेऊन लवंडायचा. कलमांनी पालवी धरली, माकड एकही आलं नाही. भगवंतराव पांढुर्ण्याहून आपली कलमं पाहायला येत, तेव्हा धुऱ्यावर थांबून आधी दोनदा मोठ्यानं खोकत, आणि कवडूनं मान वर करून ओळखलं म्हणजे मगच आत पाऊल टाकत.