एकुवामावशीचा फ्रीज

अराबाने फ्रीजची पिन भिंतीतून काढली, मधे वीज मोजायचं मापक अडकवलं आणि पिन पुन्हा खोचली. मापकाच्या काचेवर शून्य उमटलं. तिने पिन हलवून पाहिली. मग फ्रीज काढून शेजारचा पंखा लावला. पंखा फिरला, आकडा आला. पुन्हा फ्रीज लावला, पुन्हा शून्य.

एकुवामावशी दारात उभी होती. अंगणात कोणी नाही ना, हे तिने मान वळवून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

घानातल्या केप कोस्टच्या त्या घरात चार बिऱ्हाडं होती आणि मीटर एकच. लाइटचं बिल आजवर पॉइंटांवर वाटलं जायचं. दिव्याला एक पॉइंट, पंख्याला दोन, फ्रीजला आणि इस्त्रीला पाच-पाच. एबो शिंपी दर महिन्याला कुरकुरायचा, की माझी इस्त्री काय फ्रीजसारखी रात्रंदिवस चालते? शेवटी सगळ्यांनी ठरवलं, की शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अराबा मॅडमनी खोलीखोलीत जाऊन एकेक वस्तू खरी काय खाते ते मोजावं. अराबा खूश झाली होती. ते पॉइंट तिला कधीच पटले नव्हते.

मावशीने फ्रीज उघडला. डांबरगोळ्यांचा वास आला. वरच्या फळीवर कोणाच्या मयतीला जाताना नेसायची काळी-लाल वस्त्रं घडी करून ठेवली होती, खाली कसाव्याच्या रव्याचा डबा, अंड्यांच्या खळग्यांत दोऱ्याची रिळं.

"कधीपासून?" अराबाने विचारलं.

"आला त्याच्या दुसऱ्या नाताळात बसला."

फ्रीज मावशीच्या मुलाने, फीफीने, हॅम्बर्गहून जहाजाने पाठवला होता. तो उतरवला त्या दिवशी मावशीने अख्ख्या घराला अंबाडीचं गार सरबत पाजलं होतं. अजूनही कोणी फीफीची चौकशी केली, की ती फ्रीजवर हात ठेवूनच उत्तर द्यायची.

"मी शून्य लिहिते, मावशी. इतकी वर्षं तुम्ही उगाच पाच पॉइंट भरताय."

"शून्य लिहिलंस तर शेजारची मानसा विचारेल, दुरुस्तीला पोराने पैसे का नाही धाडले. मग विचारेल, त्याचा फोन कधी आला होता." मावशीने फ्रीज बंद केला, वरचा विणलेला रुमाल सरळ केला. "चालू असता तर किती खाल्लं असतं याने?"

अराबाने वाकून फ्रीजच्या पाठीवरच्या पट्टीवरचे विजेचे आकडे वाचले. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची तिला सवय होती.

"जुना आहे. बरंच खाल्लं असतं."

"मग तेवढंच लिही. कमी केलंस तर एबो ओळखेल."

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे अंगणात बसले. अराबाने आकडे वाचले. मावशीचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला होता, बाकी सगळ्यांचा उतरला होता, अराबाचाही. बेरीज मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त येत होती. ते कोणी विचारलं नाही.

"बघा," एबो म्हणाला, "माझी इस्त्री बिचारी शेळी निघाली. बिबट्या तर मावशीने खोलीत बांधलाय."

सगळे हसले. मावशीही हसली. पदराची गाठ सोडून तिने सेडीच्या नोटा मोजून ठेवल्या. जर्मन माल आहे म्हणाली, त्याला खायला लागतंच.

तळलेली मासळी विकणारी मानसा जायला उठली होती, ती थांबली.

"एवढं खातो तर माझी उरलेली मासळी ठेवत जा ना त्यात, मावशी. रोज थोडी तरी फेकावी लागते."

अराबाने मान वर केली. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"आण की," ती म्हणाली. "बराचसा रिकामाच असतो."

त्यानंतर मानसाची काही फेकायची वेळ आली नाही. नळावर ती सगळ्यांना सांगायची, की मासळी कशी दगडासारखी गार मिळते, आत्ताच्या फ्रीजना ते जमायचं नाही. मावशीची काळी-लाल वस्त्रं आता पलंगाखाली गाठोड्यात गेली होती, आणि उंदराने त्यांची एक कड कुरतडली होती.

एके दिवशी अराबा शाळेला लवकर निघाली. फाटकातून मावशी आत येत होती. डोक्यावर गोणपाटाने झाकलेलं घमेलं होतं. कोळ्यांच्या धक्क्यावर बर्फ विकतात, तिथून ती चालत आली होती. पाणी तिच्या मानेवरून ओघळून पाठ भिजली होती.

अराबाने घमेलं धरायला हात पुढे केला. मावशीने मान हलकेच बाजूला घेतली.

"तुझा आकडा कमी पडला गं, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "बर्फाला त्याहून जास्त पैसे जातात."

ती आत गेली, दार लागलं. फाटकापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत सिमेंटवर थेंबांची रांग उमटली होती. मानसाच्या खोलीत कडी वाजली. अराबाने पिशवी खाली ठेवली आणि चपलेच्या तळाने एकेक थेंब पुसत ती मावशीच्या दाराकडे सरकू लागली.