पिन कोणी काढली?

मी लॅपटॉप बोलतोय. दुरुस्तीच्या दुकानातल्या मागच्या फळीवर, पाठीला 'मध्येच बंद पडतो' अशी चिठ्ठी चिकटवलेला, तोच मी. अंगात बॅटरी नाही, चार्जर गुंडाळून ठेवलाय, मग बोलतो कशावर, असं विचाराल. रागावर बोलतोय. रागाला चार्जर लागत नाही.

मी नवा होतो तेव्हा देखणा होतो हो! माझ्या मालकिणीनं मला पहिल्या नोकरीत हौसेनं घेतलं. ती घरांचे नकाशे काढायची. किती स्वयंपाकघरं मांडली तिनं माझ्या पडद्यावर, किती जिने मोडून पुन्हा चढवले! एखादी खिडकी मनासारखी बसली की माझ्या झाकणावर टिचकी मारायची. तेव्हा बटण दाबलं की मी लगेच उठायचो आणि बॅटरी दिवसभर टिकायची.

मग तिचं लग्न झालं, मुलगी झाली. "पोर लहान आहे तोवर थांब," असं सगळे म्हणाले, आणि ती थांबली. मी तिच्या नवऱ्याकडे गेलो. मी त्यांना साहेब म्हणतो. साहेब मला पांघरुणावर ठेवून सिनेमे बघायचे. खालची जाळी दबायची, मी तापायचो, पंखा कोकलायचा. "काय भुंकतोय हा!" म्हणून वर मलाच चापट. चार्जर रात्रंदिवस लावलेला. त्या उष्णतेत बॅटरी शिजली. पोरगी माझ्यावर बिस्किटं खात गाणी बघायची, तो चुरा अजून आहे माझ्या पोटात. तिचा राग नाही, लेकरूच ते. पुढे साहेबांना ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो.

एका दुपारी तिनं मला खाली काढलं. तिला पुन्हा कामाला लागायचं होतं. बटण दाबलं. मी ढिम्म.

"गेला तो," साहेब म्हणाले. "दे टाकून भंगारात."

पण ती हट्टी. मोबाईलवर वाचून वाचून एकेक करून बघायला लागली. चार्जर दुसऱ्या ठिकाणी लावला. पिनेचं भोक कापसानं पुसलं. बॅटरी काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, बॅटरी परत बसवली. काही नाही. मग बॅटरी बाजूलाच ठेवून नुसत्या चार्जरवर बटण दाबलं. पंखा फिरला! पडदा काळाच होता, पण ती हलली नाही. आणि उजेड आला. "आलास रे माझ्या राजा!" म्हणाली. या वयात लाजलो मी.

तेव्हापासून भिंतीतली पिन हाच माझा श्वास. ती निघाली की मी खलास. पुन्हा उठायला मला वेळ लागतो. त्यात आतल्या घड्याळाचा सेलही मेलेला, त्यामुळे उठलो की भलतीच जुनी तारीख दाखवतो. ती हातानं बदलल्याशिवाय इंटरनेटवरचं एक पान धड उघडत नाही. हे सगळं तिला पाठ होतं.

हात पुन्हा बसला, अर्ज गेले, आणि एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. घरूनच, माझ्यासमोर बसून. त्यांच्या देखत नकाशा काढून दाखवायचा होता, म्हणजे मोबाईलवर भागणारं काम नव्हतं. "मध्ये इतकी वर्षं काय करत होतात?" हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. त्याच्या उत्तराची तालीम ती माझ्या बंद पडद्यासमोर करायची. आधी आधी माफी मागितल्यासारखी बोलायची. एक दिवस मात्र नीट बोलली: "मी घर चालवत होते. लहान घरात तीन माणसं कुठं अडतात, कुठं धडकतात, हे रोज बघत होते. म्हणून आता मी पूर्वीपेक्षा चांगलं घर काढू शकते." वा! मला टाळ्या वाजवता येत नाहीत, नाहीतर वाजवल्या असत्या.

मुलाखतीच्या दिवशी सकाळीच तिनं सांगितलं, "अहो, आज त्या पिनेला हात लावू नका हं. काढली की हा बंदच पडतो."

"बरं बरं," साहेबांनी मोबाईलमधून मानही वर केली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मुलाखत सुरू झाली. नकाशा झकास झाला. टेबलाजवळ तिनं प्लगच्या दोन जागा दाखवल्या, तेव्हा समोरचे गृहस्थ हसून "हे छान" म्हणाले. मग तो प्रश्न आला. ती ताठ बसली. "मी घर चालवत होते..."

दार हळूच उघडलं. साहेब आत आले. पाय न वाजवता, ओठांवर बोट ठेवून, केवढी ती काळजी! हातात मोबाईलचा चार्जर. माझी पिन काढली, स्वतःची लावली.

मी गेलो.

"अहो!"

"अगं, दोन मिनिटं तर काढली. बॅटरी असते ना त्यात?"

तिनं पिन लावली, बटण दाबलं. मी जिवाच्या आकांतानं उठत होतो हो! पण पंखा, काळा पडदा, मग ती मेली तारीख. घाईत तिचे आकडे चुकत होते. शेवटी तिनं फोन लावला. "पुढच्या उमेदवार आल्यात मॅडम. कळवतो आम्ही." संध्याकाळी कळवलं. जागा भरली होती.

जेवताना साहेब म्हणाले, "तरी मी सांगत होतो, त्या खटाऱ्यावर विसंबू नकोस. नवा घेऊ तुला." चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसऱ्या दिवशी दोघं मला इथं घेऊन आले. दुकानदारानं मला उलटं करून पाहिलं. "बॅटरी नाहीये, म्हणजे पिन निघाली की बंद पडणारच. कोणी काढली होती का?"

तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेब काचेतले नवे लॅपटॉप न्याहाळत होते. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी बोल, बाई!

"नाही," ती म्हणाली. "आपोआपच पडतो. जुना झालाय."

साहेबांचा राग आहेच, पण त्या 'नाही'चा राग जास्त आहे. का म्हणालीस ते कळतं मला. खरं बोलली असतीस, तर आठवडाभर घरात एक फुगलेलं तोंड सांभाळावं लागलं असतं. म्हणून आळ माझ्यावर. मला काय, तोंड ना जीभ.

साहेबांनी मला इथंच मोडीत दिलं, आता उद्या माझे सुटे भाग काढतील. काढा. पण आधी पाठीवरची ती चिठ्ठी फाडा. मी मध्येच बंद पडलो नाही, मला बंद केलं.

आणि बाई, तुझं ते उत्तर अर्धंच राहिलंय. पूर्ण ऐकलेला मी एकटा, आणि उद्या मीही नसेन. एकदा मोठ्यानं म्हण ते. जेवायच्या टेबलावर म्हण, साहेबांसमोर. आणि म्हणून होईपर्यंत कुणालाही मध्ये येऊ देऊ नकोस.