रुमालाखालची मशीन

इंद्रभाननं शिलाई मशीनचा कापड दाबायचा पाय वर उचलला आणि त्याखालचे लोखंडी दाते अंगठ्यानं चाचपले. बैलाचा ओठ वर करून तो जन्मभर असंच बघत आला होता.

"दात बराबर हायेत," तो म्हणाला.

मग त्यानं चाकावर थाप मारली, मशीन थोडी मागं-पुढं ढकलली, लांब जाऊन डोळे बारीक केले. काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, बिडाचे पाय. "रंग मस्त हाये. काळं जनावर कामाला चिवट असतंय."

त्याची सून दैवशाला तीन हात लांब, पदर दातात धरून उभी होती. मशीन म्हणजे जनावर नव्हे, हे मंठ्याच्या त्या बाजारात फक्त तिलाच माहीत होतं. आणि बोलायची बंदीही तिलाच होती. सासरा चार माणसांत बोलत असताना सुनेनं तोंड उघडायचं नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोडला तर कुणाची इज्जत जाते ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

तिनं सहा महिने मंठ्यात तृप्ती मॅडमकडं शिवणाचा क्लास केला होता. सकाळी भाकऱ्या थापून, शेळ्या सोडून, जीपच्या मागच्या दांडीला लटकून. मॅडमनं शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, "जुनी मशीन घ्यायला गेलात तर रंग बघू नका. रंग कुणीबी मारतो. सोनेरी पानं चिकटवून मिळतात. खालची पत्री सरकवून आत बघायचं. गोल डबी असली तर घ्या. होडीसारखी टोकदार पेटी अन् तिच्यात लांब नळी दिसली तर हात जोडून निघा. तिचं सामान आता कुठंच मिळत न्हाई. अन् कापडाच्या चार घड्या करून टाके घालून बघितल्याबिगर रुपया काढू नका."

त्या चार घड्यांसाठी दैवशालानं पिशवीत जाड कापडाचा तुकडा आणला होता. तो पिशवीतच राहिला.

गोष्ट साधी होती. बाजारपेठेतले कापडवाले राधेश्यामशेठ बायकांना परकर शिवायला घरी कापड देतात. अट एकच, मशीन स्वतःची पाहिजे, आणि दिवाळीच्या आत पहिले चार परकर शिवून दाखवायचे. काम मिळालं तर दैवशाला यंदा ऊस तोडायला जाणार नव्हती. नाही मिळालं तर दरसालासारखं नवरा-बायको मिळून एक कोयता, अंकुशनगरच्या उसात, पाच महिने पाचटाच्या कोपीत. आजवर लेकीला, छकुलीला, आजीजवळ ठेवून जाता येत होतं. आजी आखाडात वारली. आता म्हाताऱ्याला भाकरी घालायला घरात अकरा वर्षांची छकुलीच उरली होती, आणि भाकरी घालणारी पोर शाळेत जात नसते. नवरा गोरक्षनाथ एवढंच बोलला होता, "मशीन आली तर तू राह्य. मी एकटा अर्धा कोयता करतो." गोरक्षनाथच्या तोंडून एका दमात एवढं निघणं म्हणजे फार झालं.

मशीनसाठी तिनं माहेरच्या दोन शेळ्या विकायला काढल्या. तिच्या शेळ्या, पण विकल्या सासऱ्यानं, पैसे गेले सासऱ्याच्या कोपरीच्या खिशात, आणि मशीन घ्यायलाही सासराच निघाला. "बाजार बाईमाणसाचं काम न्हाई. आन् मी बाजारात उतरलो का हेड्यांचे पाय लटपटत्यात, समदा तालुका सांगंल तुला." हे खोटं नव्हतं. एके काळी इंद्रभाननं खोंड-बैल पारखून घेतले की लोक त्याच्यामागं रांगेत उभे राहत. पण आता बैल कोण घेतो? ट्रॅक्टर आले, म्हाताऱ्याची पारख घरात बसून गंजली. त्या दिवशी त्यानं कित्येक वर्षांनी फेटा बांधला होता.

विकणारा रामराव. तोही पूर्वीचा हेडी, जनावरांचा व्यापारी. जनावरं संपली तसा जुन्या सामानात घुसला. मोटारी, पंखे, मशीनी. माल बदलला, जीभ तीच.

"इंद्रभानदादा! वाटलं व्हतं, गेला आसंल तू."

"तुला पोचवल्याबिगर कसा जाऊ?"

दोघं खदखदून हसले. चहा आला. दैवशालाला कुणी विचारलं नाही.

"खोड काय हाये हिची, ते सांग," इंद्रभान म्हणाला.

"खोड? आरं, एका मास्तरणीच्या घरची हाये. मारकुटी न्हाई, बसकी न्हाई. बिलकुल गरीब."

हे ऐकून तरी म्हाताऱ्याला हसू यावं की नाही? नाही. त्यानं गंभीरपणे मान डोलवली. दैवशाला मशीनच्या मागच्या बाजूनं सरकली, खाली वाकली, जणू चप्पल नीट करते आहे, आणि बोटानं पत्री ढकलली. पत्री अडकून बसली होती. तिनं नख घातलं. नख तुटलं, पण पत्री सरकली.

आत होडीसारखी टोकदार पेटी. तिच्यात करंगळीएवढी लांब नळी. एकच.

ती ताठ उभी राहिली. तोवर रामरावनं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरला होता. जनावराचा भाव असाच होतो. तोंडानं आकडा बोलायचा नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. इतकी बोटं म्हणजे इतके हजार. बाजूच्याला कळू नये म्हणून. आता शिलाई मशीनचा भाव चोरून ऐकायला तिथं कोण बसलं होतं? एक कुत्रं होतं. पण दोघा म्हाताऱ्यांची तोंडं अशी उजळली होती की जणू गेलेली वर्षं परत आली.

"मामा," दैवशाला म्हणाली. आवाज बारीक निघाला.

रुमाल हलला.

"मामा, ही घेऊ नगा. हिची नळी लांब हाये. सामान मिळत न्हाई हिचं."

रामरावनं तिच्याकडं बघितलं, मग इंद्रभानकडं. "सून बोलून राह्यली, दादा."

इंद्रभाननं मान वळवली नाही. त्याच्या मानेची शीर तेवढी फुगली. रुमाल आणखी दोनदा हलला. मग हात बाहेर आले, तळव्यावर तळवा पडला, फाडकन आवाज झाला, आणि रामरावनं चिमूटभर गुलाल काढून मशीनवर उधळला. विकलेल्या बैलाच्या पाठीवर टाकतात तसा. तेल घालायच्या भोकात गुलाल गेला. दैवशाला बघत राहिली.

मग ती पुढं झाली. पदर सुटला होता, तिला त्याची शुद्ध नव्हती. "रामरावकाका, मला चार टाके घालून बघू द्या. न्हाई चालली तर मशीन तुमची, पैसे आमचे."

"बाई, बघायचं ते सौद्याच्या आंदी बघायचं."

"आंदी कुणी बघू दिलं?"

"तुझा सासरा बघत व्हता की तासभर. त्याच्या नजरंवर भरोसा न्हाई का तुझा?" रामराव हसला. "दादा, मोडायचा का सौदा? माझं काय न्हाई. बाजारात सांगतो, इंद्रभाननं सुनंच्या म्हनन्यावर जबान फिरवली."

भोवती पाच-सहा माणसं जमली होती. इंद्रभाननं कोपरीत हात घातला, दोन शेळ्यांचे पैसे काढले आणि मोजायला लागला.

टेम्पोत मशीन टाकून गावाकडं जाताना दोघं तिच्या दोन बाजूंना बसले होते.

"मला ऐकू आल्तं," म्हातारा एकदम म्हणाला. "तू बोलली ते."

दैवशालानं बघितलं.

"पन हात आत व्हता माझा."

शिवी द्यावी तर म्हातारा रडवेला झालेला. माफ करावं तर कशाला करावं? माणसं आपली जबान राखतात आणि फेडतात बायका, ही आपल्या मुलखाची रीत आहे, आणि तिला मर्दानगी म्हणतात. दैवशालानं तोंड फिरवलं आणि मोकळ्या पडलेल्या सोयाबीनच्या रानांकडं बघत बसली.

घरी तिनं मशीन उघडून धुतली, पुसली, तेल दिलं. मशीन चालली, हे आणखी वाईट झालं. पातळ कापडावर टाका सरळ पडला तेव्हा छकुलीनं टाळ्या पिटल्या. जाड शिवणीवर मात्र चार टाके पडायचे आणि पाचवा सुटायचा. दैवशालानं सुई बदलली, दोरा बदलला, दाब सैल केला, कसला. पाचवा टाका सुटतच राहिला. मग ती मंठ्याला मशीन दुरुस्त करणाऱ्या पुंजाराम मिस्त्रीकडं गेली. त्यानं ती होडीसारखी पेटी काढून उन्हात धरली.

"टोक झिजलं हिचं. दोरा पकडीना."

"नवी मिळंल?"

"कुठं? ताई, माझ्या गुरूच्या पेटीत अशी एक व्हती. ती बी त्याच्या पोरानं भंगारात घातली." त्यानं पैसे घेतले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

तरी तिनं चार परकर शिवले. सुटलेला प्रत्येक टाका हातानं भरला. राधेश्यामशेठनं एक उचलला, शिवण दोन्ही हातांत धरून ओढली. हाताचे टाके टिकले, मशीनचे टराटरा गेले.

"हातानं भरलंय का हे?"

"हो."

"बाई, हात चांगला आहे तुमचा. पण मला महिन्याला शेकड्यानं परकर लागतात. हातानं किती भरणार?" बोलता बोलताच त्यांनी कापडाचा गठ्ठा शेजारच्या बाईकडं सरकवला. तिची मशीन नवी होती.

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम धर्मराज दारात आला. गोरक्षनाथ बायकोकडं न बघता म्हणाला, "पुरा कोयता." तेव्हा इंद्रभान ओट्यावर होता. तो उठून मागच्या रानात निघून गेला.

छकुलीचं दप्तर दोन दिवस खुंटीला होतं. तिसऱ्या दिवशी दैवशालानं त्यातली वह्या-पुस्तकं काढून पेटीत ठेवली. घुशी कुरतडतील म्हणून, असं तिनं लेकीला सांगितलं. पीठ किती घ्यायचं, पाणी कोमट कसं करायचं, आजोबाला मीठ कमी लागतं, हेही सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई हजेरी घेतील तवा काय सांगू?"

"तू असनारच न्हाईस तिथं," दैवशाला म्हणाली. यापेक्षा मऊ शब्द तिला सापडला नाही.

ट्रकमध्ये चढताना सगुणाबाईनं वरून हात दिला. दोघी दरसाल एकाच टोळीत.

"आगं, तू मशीन घेतली म्हनं? मंग इकडं कशी?"

"मी न्हाई घेतली. मामानं घेतली."

"बरी हाये का?"

"काळी हाये," दैवशाला म्हणाली. "सरक जराशी."

सगुणाबाई सरकली. ट्रक हलला, आणि बायकांनी पडू नये म्हणून एकमेकींचे दंड धरले.