आईच्या तोंडचं वाक्य

पुढच्या बाईचा अंबाडा चुकवत अंबाबाईनं मान बाहेर काढली आणि रंगमंचावर स्वतःलाच पाहिलं. सकाळी वाळत घातलेलं, दुपारी नाहीसं झालेलं तिचंच लुगडं. कमरेवर हातही तस्सा. आत होता शंकरनारायण, तिच्या मुलाचा, तुकोजीचा, कॉलेजातला सोबती.

तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या तरुण पोरांनी स्वतः लिहिलेली चार छोटी नाटकं होती त्या संध्याकाळी. तीन तमिळ झाली. चौथं तुकोजीचं, आणि तेही घरातल्या मराठीत! पुढच्या खुर्चीवर गोरा सबकलेक्टर बसलेला, आणि हा पठ्ठ्या चुलीपुढची भाषा भर मांडवात बोलत होता. अंबाबाईचा ऊर भरून आला.

मग नाटकातला मुलगा, म्हणजे तुकोजीच, दारात थांबला.

"आई, शिकायला मद्रासेस जाऊं कां?"

खऱ्या घरात माणसं दोनच, ती नि तुकोजी. हा विषय त्यानं आजवर दोनदा काढला होता, आणि दोन्ही वेळा दुधाला विरजण लावायचं निमित्त करून तिनं काढता पाय घेतला होता.

शंकरनारायणनं तोंड उघडलं, मिटलं. पाठ केलेलं मराठी पार उडून गेलं होतं. तुकोजीही खांबासारखा उभा. मागं कुणीतरी फिसकन हसलं. पोराचे कान लाल झालेले तिला इथूनही दिसले. आता त्याचं हसं होणार.

ती चटईवरून उठली.

"जा रे, जा! माझी काळजी करूं नक्को. पण पत्र टाकीत जा."

सगळा मांडव वळला. शंकरनारायणनं शब्दन् शब्द उचलला, पत्रासकट. तुकोजीनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचलेचना. पडदा ओढणाऱ्याला वाटलं, संपलं. टाळ्या मात्र थांबेनात.

शेजारी बसलेल्या शिवकामीनं तमिळमध्ये विचारलं, "नाटक पाठच होतं की तुम्हाला?"

"मुलगा माझा आहे," अंबाबाई म्हणाली. गर्व लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

मांडवाबाहेर तुकोजी भेटला.

"सांभाळून घेतलें कीं नाही?" तिनं विचारलं. "तुझ्या कागदावर काय होतें?"

त्यानं घडी घातलेला कागद काढला.

"नक्को जाऊंस, असें."

अंबाबाईनं पदर सारखा केला.

"मग तें खोड," ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.